कुंकू पुसायचं काम

आधी माफी मागतो. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी आजवर ज्यांनी लिहिल्या, ती सगळी तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली मंडळी. रेल्वेतले गार्ड, इस्पितळातल्या मेट्रन, बँकेतले साहेब. माझी नोकरी चार वर्षांची, तीसुद्धा कॉलेज सांभाळून अर्ध्या दिवसाची, आणि तीसुद्धा जुने कम्प्युटर विकण्याच्या दुकानात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अर्ज आणि पत्रं सोडून काही लिहायला बसलेलाही मीच पहिला. संपादक बाईंचा प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या दुकानातलं काहीतरी गमतीचं लिही की." मी गमतीचंच लिहायला घेतलं होतं. दीड पान झाल्यावर पेन अडलं. जे सांगायचं टाळत होतो ते सांगितल्याशिवाय पुढे जाईना. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "राहू दे रे." त्यांचं आडनाव मी बदललं आहे. बडोद्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आमचं दुकान रावपुऱ्यात एका इमारतीच्या तळघरात आहे. मालक हसमुखभाई. कंपन्या आणि हापिसं जुनी मशीनं लिलावात काढतात, ती आम्ही ढिगाने उचलतो. त्या ढिगाला आम्ही लॉट म्हणतो. मी लागलो तेव्हा काही कंपन्या नवी मशीनं घेत होत्या, काही विकल्या जात होत्या, काही सरळ बंद पडत होत्या. तिन्ही प्रकारांत आमच्या दारात टेम्पो येऊन उभा राहायचा. मशीन उघडायचं, ब्लोअरने धूळ उडवायची, मेमरीच्या पट्टीची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने घासायची, आतली बटणाएवढी बॅटरी बदलायची, कीबोर्ड बादलीत बुडवून धुवायचे आणि गच्चीत वाळत घालायचे. नव्या कम्प्युटरच्या पाव किमतीत घरात रोजच्या वापराला मशीन येतं. पत्र टाइप करा, मुलांना सीडी लावा, पत्ते खेळा.

धुळीवरून मशीन कुठून आलं ते कळतं, हे मला पहिल्या महिन्यातच समजलं. करजणच्या जिनिंगमधलं असेल तर आत कापसाची गादी. शेठच्या पेढीतलं असेल तर पंख्यात उदबत्तीची राख आणि सुपारीचा चुरा. रसायनाच्या कारखान्यातलं असेल तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. एका कॅबिनेटमध्ये पालीची सात अंडी निघाली होती. मी किंचाळलो, आणि हसमुखभाई म्हणाले, "फ्रीमां आव्या, एना पैसा नहीं लागे."

पण माझं पहिलं काम वेगळंच होतं. कुंकू पुसायचं. दसऱ्याला प्रत्येक हापिसात मशीनची पूजा होते. पुढून झेंडू, मागून कुंकवाचा स्वस्तिक. दरवर्षी त्यावरच नवा काढतात, त्यामुळे झाडाच्या खोडात कडी असतात तशा त्याच्या थरांवरून मशीनचं वय कळतं. ते कुंकू तेल आणि धूळ पिऊन असं घट्ट बसतं की थिनरशिवाय निघत नाही. हसमुखभाईंचा पहिला नियम होता, "बीजानी पूजा आपणे वेचवानी नहीं. घराक घरी नेऊन स्वतःची पूजा करेल." म्हणजे दुसऱ्याची पूजा आपण गिऱ्हाइकाला विकायची नाही. दुसरा नियम, आत काय आहे ते वाचायचं नाही. मशीन चालू झालं की फॉरमॅट मारायचं, म्हणजे आतलं सगळं पुसायचं. बाहेरचं थिनरने, आतलं फॉरमॅटने. चार वर्षं मी पुसतोय, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

लोक नाना प्रकारचे येतात. एकाने विचारलं होतं, "ॲव्हरेज किती देतो?" पादऱ्याहून एका भाजीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "कम्प्युटर करडे छे." म्हणजे चावतो. मी मनात हसत बसने पादऱ्याला गेलो. त्यांच्या आजीबाई मशीनपासून चार हात लांब लाकडी पाटावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अडी जो." हात लावून बघ. मी मोठ्या तोऱ्यात कॅबिनेटला हात लावला आणि खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. मी उडालो. आजीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "जोयुं? करड्यो ने!" त्यांच्या घरात अर्थिंगची तारच नव्हती. तेव्हापासून मी घरी मशीन बसवायला गेलो की आधी अर्थिंग तपासतो. मला वाटायचं, या धंद्यात बसायचे धक्के एवढेच.

दोन वर्षांपूर्वी नवरात्र बसायच्या दोनतीन दिवस आधीची गोष्ट. दुपारी एक गृहस्थ जिना उतरून आले. साठीच्या आतबाहेर, बारीक कापलेल्या मिशा, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं. हसमुखभाईंशी शुद्ध गुजरातीत बोलले, मग माझ्या गळ्यातलं मंडळाचं ओळखपत्र पाहून मराठीत वळले. हेच ते मोहिते काका. पूर्वजांनी संस्थानच्या फौजेत चाकरी केलेल्या घरातले. स्वतः मात्र एका रंगाच्या रसायनांच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर. तो कारखाना आदल्या वर्षी विकला गेला होता, आणि घेणाऱ्याने तो चालवण्याऐवजी कुलूप लावलं होतं.

"आमच्या कंपनीचा लॉट इथेच आलाय ने?" त्यांनी विचारलं. "त्यातलं स्टोअरचं मशीन मला हवंय."

हसमुखभाई म्हणाले, "काका, ए तो डब्बा छे. त्याच पैशात चांगलं मशीन आपू."

"डबा तर डबा. माझाच द्या."

हसमुखभाई माझ्या कानात म्हणाले, "इमोशनल घराक छे. भाव ना उतारतो."

मशीन सापडायला वेळ लागला नाही. बुडाला पांढऱ्या रंगाने स्टोअरचा नंबर घातलेला होता. मी ते काउंटरवर ठेवलं. काकांनी लगेच फिरवून पाठ बघितली.

"इथे स्वस्तिक होता. दरवर्षी मी काढायचो."

"काका, पुसला. मीच पुसला."

"आणि आतलं?"

"तेही पुसलं."

"सगळं?"

"सगळं, काका."

ते स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ने? परत कुणी काढू म्हटलं तरी?"

मला त्यात फक्त हळहळ ऐकू आली. या माणसाने इतकी वर्षं ज्या मशीनवर काम केलं, ते मी एका दुपारी चिंधीने कोरं केलं होतं. मला फार अपराधी वाटलं. मी म्हणालो, "काका, प्रयत्न केला तर कधीकधी परत मिळतं."

पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "राहू दे रे. काय करायचंय आता."

आपल्याकडे पंगतीला पाहुणा "राहू दे" म्हणाला की पोळी वाढायची असते. नाही वाढली तर वाढणाऱ्याला वळण नाही असं म्हणतात. मी त्या वळणात वाढलेला. मी मनात ठरवून टाकलं.

त्यांनी मला आणखीही विचारलं. कुठला, काय शिकतोस. मी म्हणालो, जळगावकडचे, वडील कंपन्यांत काम करतात. वडील ठेकेदाराकडे हेल्पर आहेत आणि काही वर्षं याच काकांच्या कारखान्यात होते, हे मी लाजेने सांगितलं नाही. पँट-शर्ट घालून काउंटरमागे उभा होतो, म्हणून. ती लाज बाजूला ठेवली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

"दसऱ्याला घरी आणून लाव," काका म्हणाले. शियाबागेतला पत्ता दिला आणि गेले.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकणं. पानं तशीच असतात. त्यांच्यावर दुसरं काही छापलं जाईपर्यंत ती शोधता येतात. हे मला स्वतःलाच दोन वर्षांनी कळलं होतं. मशीन विकलं जाईपर्यंत आम्ही त्यात नवं काही भरत नाही, त्यामुळे काकांच्या मशीनची पानं शाबूत असणार होती. मित्राकडून एक सीडी आणली. तीन दुपारी ते मशीन एका कोपऱ्यात घुरघुरत राहिलं. हजारो तुकडे निघाले, फोल्डरांची नावं जाऊन नुसते आकडे आलेले. त्यातला कचरा काढला, काकांच्या हातच्या वाटल्या तेवढ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्याला नाव दिलं, मोहितेकाका. एकही फाइल वाचली नाही. दुसरा नियम मी प्रामाणिकपणे पाळला. आयुष्यात एवढ्या वेळी तो मोडला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्याला सकाळी रिक्षातून मशीन घेऊन शियाबागेत गेलो. दोन खोल्यांचं घर. पाटावर लाल फडक्यात घराण्याची तलवार, शेजारी काकांची दोन पेनं आणि एक जुनं स्टेपलर, सगळ्यांना झेंडूची फुलं. काकूंनी टेबलाखाली रांगोळी काढली होती. मी अर्थिंग तपासलं, तारा जोडल्या. काकांनी बोटाने मशीनच्या पाठीवर स्वस्तिक काढला, मी जिथे थिनर घासलं होतं नेमका तिथेच. काकूंनी नारळ ओवाळला.

तेवढ्यात समोरच्या घरातले पांचालभाई फाफडा-जिलेबीचा पुडा घेऊन आले. बडोद्यात दसरा त्याशिवाय होत नाही. काकूंनी ओळख करून दिली, "हे यांच्याच कंपनीतले. पर्सोनेलमध्ये होते, माणसांचे गेटपास यांच्याकडे." पांचालभाई मशीन बघून म्हणाले, "मोहिते, कंपनी गेली पण कम्प्युटर घरी घेऊन आव्या! मशीनसाथे पगार पण आव्यो के नहीं?"

सगळे हसले. काकाही हसले. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "काका, तुमच्यासाठी एक गंमत आहे." आणि तो फोल्डर उघडला. "तुमचं जुनं सगळं परत काढलंय. जेवढं मिळालं तेवढं."

काका जागचे हलले नाहीत. मला वाटलं, गहिवरले. पडद्यावर फायलींची रांग होती. त्यात एकीचं नाव इंग्रजी अक्षरांत 'दसरा'. काकू पुढे वाकून म्हणाल्या, "अगंबाई, दसऱ्याचे फोटो असतील! हापिसात दरवर्षी काढायचे. उघड रे."

"नको," काका म्हणाले.

पण माझं बोट पोचलं होतं.

फोटो नव्हते. यादी होती. बरीच नावं, प्रत्येकापुढे तारीख, पायाच्या बुटाचा नंबर, आणि शेवटी 'परत' असा रकाना, सगळा रिकामा. वर लिहिलं होतं, ठेकेदाराची माणसं, सेफ्टी बूट. मी नावांवरून नजर फिरवत होतो, उगाच, कुठे थांबायचं म्हणून नाही. अकराव्या ओळीवर थांबलो. धनराज एस. पाटील. नंबर आठ.

ते माझ्या वडिलांचं नाव आहे.

पादऱ्याला खांद्यापर्यंत आल्या होत्या तशा मुंग्या आल्या. या वेळी मशीनला माझा हात लागलेला नव्हता. मागे वळून बघितलं. काकांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता. पांचालभाई माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. नाकावर चश्मा होता. त्यांनी तो सावकाश काढला, खिशात घातला आणि म्हणाले, "मने तो चश्मा वगर काई दिसत नाही. ल्यो भाभी, जिलेबी गरम छे." आणि एक तुकडा तोंडात टाकून निघून गेले.

काका माझ्याजवळ आले. "पूस," ते हळू आवाजात म्हणाले. "नीट पूस. दुकानात पुसलंस तसं नको."

या वेळी मी पानापानावर शून्य छापत सगळी डिस्क भरली. त्याला आणि मग सीडीवरून मशीन पुन्हा चालतं करायला तीन तास लागले. काकूंना वाटलं मशीन बिघडलं, त्यांनी मला बासुंदी वाढली. काका शेजारी खुर्ची घेऊन पडद्यावरचे टक्के वाढताना बघत बसले होते. मी विचारलं नाही, पण त्यांनी एकच गोष्ट सांगितली. कंपनीचा नियम होता, बूट फक्त कायम माणसांना. ठेकेदाराच्या माणसांना नाहीत. "वहीत मी ते खराब म्हणून दाखवले. पण नोंद केल्याशिवाय वस्तू खिडकीबाहेर द्यायला माझा हात धजेना रे. स्टोअरकीपरचा हात. म्हणून खरी यादी वेगळी ठेवली. केवढा मूर्खपणा."

आता ती यादी कुणाच्या हाती लागली असती तर काय, हे मला सांगायला नको होतं. यादीतली बहुतेक माणसं अजून त्याच ठेकेदाराकडे कोयलीच्या बाजूला कामाला होती. चोरीच्या मालाच्या यादीत नाव म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. माझ्या वडिलांचाही. आमचं घर त्या गेटपासवर चालत होतं.

मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला काका आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चांगल्या मनानेच केलंस. पण बाळ, कधीकधी 'राहू दे' म्हटलं की राहू द्यायचं असतं." अकरावं नाव माझ्या वडिलांचं आहे हे सांगायला तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

घरी आलो तर वडिलांची पूजा मांडलेली होती. पान्यांचा संच आणि शेजारी ते बूट. काळे, पुढे लोखंडी टोपीचे, दोन्हींवर कुंकवाचं बोट आणि झेंडू. लहानपणापासून मी हेच बघत आलो होतो. कुणी पाहुणा आला की वडील सांगायचे, "कंपनीने दिलेत." आमच्या घरात कंपनीने दिलेली ती एकच वस्तू.

मी सगळं सांगितलं. वडिलांनी एक बूट हातात घेतला. मग म्हणाले, "मला तर वाटलं, कंपनीनंच दिले."

त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ठेकेदाराची माणसं तिथे चपलांवर काम करायची. एकदा पाइपाचा जोड सुटून त्यांच्या सोबत्याच्या पायांवर ॲसिड पडलं. चप्पल पायाला चिकटली, ती इस्पितळात कापून काढावी लागली. पुढच्या दसऱ्याला सगळे स्टोअरच्या खिडकीपाशी पेढा घ्यायला उभे होते. "मोहिते साहेबांनी पेढा दिला आणि म्हणाले, पायाचा नंबर सांग. मला कुठे माहीत? आम्ही चप्पल बाजारात पायात घालून बघायचो. त्यांनी खिडकीखाली वर्तमानपत्र पसरलं, पाय ठेवायला लावला, आणि स्वतः वाकून पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारली. साहेब माणूस, माझ्या पायाशी वाकलेला. मी पाय मागे घेतला तर ओरडले, हलवू नकोस, माप चुकेल."

दुसऱ्या रविवारी वडिलांनी ते बूट पॉलिश केले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मला म्हणाले, "चल, दाखव घर."

काका कम्प्युटरवर पत्ते खेळत होते. वडिलांनी पुडकं पायरीवर ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, हे परत घ्या. तुमच्यावर बालंट नको."

काकांनी कागद उलगडला, एक बूट उचलून उलटा केला, तळ बघितला. वडिलांच्या तोंडाकडे न बघताच म्हणाले, "आठ नंबर. डावी टाच बाहेरून झिजते. धनराज ना तू?" मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा वडिलांकडे. "हा तुझा मुलगा? अरे, मग आधी सांगायचं नाही का रे, गाढवा?" शेवटचं मला. मी मान खाली घातली. "घेऊन जा ते बूट. याचा तळ बघ, माझ्या म्हातारपणासारखा झालाय. कंपनी काय, भंगारवालासुद्धा घेणार नाही. बसा, चहा घ्या."

वडील खुर्चीवर बसले नाहीत, पायरीवरच बसले. काकाही मग पत्ते सोडून पायरीवर येऊन बसले.

मला वाटलं, मिटलं. तसं झालं नाही. संक्रांतीच्या सुमारास आपल्याच मंडळाच्या सभागृहात तिळगूळ घेताना मी मागच्या रांगेत ऐकलं, "मोहित्यांनी कंपनीचे बूट खाल्ले म्हणे. शुक्रवारच्या जुन्या बाजारात विकले. चौकशी झाली." दुसरा म्हणाला, "तरीच घरात कम्प्युटर आला." ते हसले. ही मंडळी हा अंक वाचत असतील. माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. तोंड उघडावं तर खरी यादी सांगावी लागणार, आणि यादी म्हणजे गेटपास. मी बोललो नाही. वडीलही बोलू शकत नव्हते. काकांनी हळूहळू मंडळात येणं सोडलं. गणपतीत त्यांना आरतीचं तबक दिलं जायचं, ते त्या वर्षी दुसऱ्याला दिलं गेलं. दिवाळीनंतर काका-काकू घर बंद करून मुलीकडे पुण्याला गेले. कम्प्युटर सोबत नेला. मीच खोक्यात बांधून दिला.

दीड वर्ष मी एकच गोष्ट मनात धरून होतो. ही बातमी पांचालभाईंनी फोडली आणि फिरवून फोडली. आणि त्यांच्यासमोर ती यादी उघडली कुणी? मी. माझ्या बोटाने. रोज दुकानात एखादा स्वस्तिक पुसताना ते आठवायचं. समोर विचारण्याची हिंमत झाली नाही.

दरम्यान बरंच बदललं. तो ठेकेदार धंदा गुंडाळून गेला. कारखान्याच्या जागेवरचे पत्रेसुद्धा कुणीतरी उचलून नेले. वडील आता एका सोसायटीत वॉचमन आहेत, पायात साधे कॅनव्हासचे बूट. यादीतल्या कुणाचं आता काही बिघडण्यासारखं उरलेलं नाही.

या वर्षी श्रावणात पांचालभाई आमच्या तळघरात उतरले. नातीसाठी स्वस्तातला कम्प्युटर हवा होता. मी ओळख दाखवली नाही. जेवढ्यास तेवढं बोललो. हातात थिनरची चिंधी होती, समोर एक कॅबिनेट. ते स्टुलावर बसून मला काम करताना बघत राहिले. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही.

"पांचालभाई, त्या दसऱ्याला तुम्ही चश्मा घातला होता."

ते दचकले नाहीत. "हा. घातला होता. अख्खी यादी वाची. त्या सगळ्यांचे गेटपास माझ्याच सहीचे. चपलांवर आत जायचे ते मी रोज बघायचो ने."

"मग मोहिते काकांनी बूट बाजारात विकले, असं तुम्ही सगळ्यांना का सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चिंधी खाली ठेवली.

"मी? मी कुणाला काही नाही सांगितलं, दीकरा. ते मोहितेंनीच सांगितलं. लेखी. कंपनी ज्यांनी घेतली त्यांचा ऑडिटवाला समोर बसलेला, मला पर्सोनेलतर्फे बाजूला बोलावलेलं. खराब म्हणून दाखवलेले बूट भंगारात पण नाहीत, मग गेले कुठे, असं तो विचारत होता. म्हणाला, कुणाला दिले त्यांची नावं द्या, तुम्हाला सोडतो. मोहितेंनी कोरा कागद मागितला. लिहिलं, बूट मी शुक्रवारच्या जुन्या बाजारात विकले, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. खाली सही. मला कागद साक्षीला दिला, मी पण सही केली."

"दसऱ्यानंतर?" मी विचारलं. "त्या फोल्डरमुळे?"

"ना रे," पांचालभाई म्हणाले. "त्याच्या आधी, श्रावणात. तुझ्या दुकानात ते आले तेव्हा कागद देऊन दोन महिने झालेले. म्हणून तर मशीन शोधत होते. तो कागद खोटा आहे हे सांगणारं त्या यादीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं ने."